चिझमचे डॉक्टर : प्रस्तावना

अमेरिकेतील बेसबॉल या खेळाचा जो बृहत्कोश मॅकमिलन कंपनीने १९६९ साली प्रथम प्रसिद्ध केला, त्यात मुख्य संघांतून एक दिवस का होईना खेळून गेलेल्या प्रत्येक इसमाची नोंद अत्यंत कोरडेपणाने करून ठेवलेली आहे. आणि त्या सहस्रावधी नोंदींच्या गर्दीत आर्चिबाल्ड राइट ग्रॅहम या नावापुढे संघ न्यूयॉर्क जायंट्स, साल १९०५, सामने एक, फलंदाजीच्या वेळा शून्य, एवढाच काय तो मजकूर आढळतो. या एका ओळीने कॅनडातील कादंबरीकार डब्ल्यू. पी. किन्सेला यांचे कुतूहल चाळवले, ते ग्रॅहम यांच्या गावी जाऊन चौकशी करून आले, १९८२ साली 'शूलेस जो' या आपल्या कादंबरीत त्यांनी ग्रॅहम यांना एक पात्र म्हणून उभे केले, आणि त्या कादंबरीवरून १९८९ साली निघालेल्या 'फील्ड ऑफ ड्रीम्स' या चित्रपटात बर्ट लँकेस्टर या मुरलेल्या नटाने ती भूमिका अशा काही संयमाने वठवली, की ज्या मनुष्याला हयातीत आपल्या जिल्ह्याबाहेर फारसे कोणी ओळखत नव्हते तो मृत्यूनंतर चोवीस वर्षांनी जगप्रसिद्ध झाला. ही प्रसिद्धी त्याला मिळाली ती हातून न घडलेल्या एका गोष्टीबद्दल. आयुष्यात त्याने जे केले, आणि ते अर्धशतकभर रोज केले, ते मात्र या प्रसिद्धीच्या सावलीत झाकले गेले. प्रस्तुत चरित्राची ओळख करून देण्याचे काम मी आनंदाने पत्करले त्याचे कारण हेच, की ग्रॅहम यांची कीर्ती उलट्या दरवाजाने आत आलेली आहे असे माझे बरेच दिवसांचे मत आहे, आणि ते मांडण्यास प्रस्तावनेइतकी सोयीची जागा दुसरी नसते.

परंतु मराठी वाचकास तो प्रसंग ठाऊक असल्याशिवाय या मताचा उलगडा व्हावयाचा नाही, म्हणून तो आधी सांगून टाकतो. बेसबॉलमध्ये प्रत्येक संघाचे नऊ डाव असतात, तीन गडी बाद झाले की डाव संपतो, आणि फलंदाजांचा क्रम संपला की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. २९ जून १९०५ रोजी ब्रुकलिनच्या वॉशिंग्टन पार्क मैदानावर न्यूयॉर्क जायंट्स आणि ब्रुकलिन यांचा सामना चालू होता, जायंट्सचा विजय केव्हाच निश्चित झालेला होता, आणि अशा वेळी राखीव गड्यांना पाय मोकळे करू देण्याच्या शिरस्त्यास अनुसरून जायंट्सचे तापट आणि तितकेच कसलेले व्यवस्थापक जॉन मॅग्रॉ यांनी, ब्रुकलिनच्या आठव्या डावात, जॉर्ज ब्राउन या नेहमीच्या गड्याच्या जागी ग्रॅहम यांना उजव्या बाजूच्या सीमाक्षेत्रात पाठवले. नवव्या डावात जायंट्स फलंदाजीस आले तेव्हा यापुढची पाळी ग्रॅहम यांची होती. दांडू हातात घेऊन ते सज्ज उभे असतानाच समोरचा फलंदाज तिसरा गडी म्हणून बाद झाला आणि डाव आटोपला. पॅड बांधून तंबूच्या पायरीवर आलेल्या आपल्याकडच्या गड्याची कर्णधाराने डाव घोषित केल्यावर जी स्थिती व्हावी तीच ही स्थिती. ब्रुकलिनच्या अखेरच्या डावात ग्रॅहम पुन्हा क्षेत्ररक्षणास उभे राहिले, अकरा विरुद्ध एक असा सामना संपला, आणि मुख्य संघातील त्यांची कारकीर्दही त्याबरोबरच संपली. जायंट्सनी त्या वर्षी ऑक्टोबरात फिलाडेल्फियाला चार विरुद्ध एक असे हरवून जागतिक मालिका जिंकली; पण तोवर ग्रॅहम त्या संघात नव्हते.

आता, धंदेवाईक खेळाडू आणि पुढे डॉक्टर ही जोडी आजच्या वाचकास चमत्कारिक वाटेल. त्या काळी ती तशी वाटत नसे. सिनसिनाटी येथील संघाने १८६९ मध्ये आपले सर्व खेळाडू उघडपणे पगारावर ठेवल्यापासून बेसबॉल हा रोजगार झाला खरा, परंतु तो अब्रूदार रोजगार मानला जाण्यास बराच अवधी जावा लागला; चांगली हॉटेले खेळाडूंना उतरू देण्यास कुरकुरत, आणि मुलगी देणारे बाप त्याहून अधिक. त्यात १८७९ साली मालकांनी राखीव कलमाची प्रथा पाडली, जिच्या योगाने खेळाडूची करारनाम्याची मुदत संपली तरी त्याच्यावरील मालकाचा हक्क संपेना, आणि एखाद्या वतनाबरोबर कूळ हस्तांतरित व्हावे तसा खेळाडू विकला, बदलला किंवा घरी पाठवला जाऊ लागला. शहाणा माणूस अशा नोकरीत असताना दुसऱ्या धंद्याची सनद मिळवून ठेवणार हे उघड आहे. हंगाम एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, हिवाळा सारा मोकळा. आणि १९१० साली फ्लेक्सनर यांच्या प्रसिद्ध अहवालाने अमेरिकेतील वैद्यकीय विद्यालयांची झाडाझडती घेईपर्यंत त्यांपैकी पुष्कळ विद्यालयांचे अभ्यासक्रम इतके सैल असत, की हिवाळ्यातील व्याख्याने ऐकून पदवी घेणे हुशार तरुणास अवघड नव्हते. या परंपरेत किती निरनिराळ्या प्रकृतीची माणसे होऊन गेली हे पाहण्यासारखे आहे. पिट्सबर्गचा मार्क बाल्डविन याने १८८९ च्या एका हंगामात कोलंबस संघाकडून चेंडू टाकून ३६८ फलंदाज नुसते चकवून बाद केले, १८९२ मध्ये होमस्टेड येथील पोलाद कामगारांच्या संपात त्यास अटक झाली, आणि पुढे तो डॉक्टर म्हणून जगला. आर्ली पाँड हा बाल्टिमोरचा नावाजलेला गोलंदाज १८९८ साली स्पेनशी युद्ध जुंपताच लष्कराच्या वैद्यकीय खात्यात शिरला, तैनातीवर फिलिपाइन्सला गेला, तेथेच सेबू बेटावर रमला आणि १९३० साली तेथेच वारला. मायकेल पॉवर्स हा फिलाडेल्फियाचा यष्टिरक्षक रीतसर पदवीधर डॉक्टर होता. १२ एप्रिल १९०९ रोजी शाइब पार्क या नव्या मैदानाचे उद्घाटन करणाऱ्या सामन्यातच तो आतड्याच्या विकाराने आजारी पडला आणि शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया होऊनही पंधरवड्यात मरण पावला. आपल्याकडेही हा योग अपरिचित नाही. मुंबईत भर पावसाळ्यात ज्यांच्या नावाची लीग चिखल तुडवीत खेळली जाते ते होरमसजी कांगा डॉक्टरच होते, आणि पारशी क्रिकेटचे पितामह डॉ. पावरी यांनी १८९५ साली इंग्लंडातील मिडलसेक्स परगण्याकडून जो सामना खेळला तोही, ग्रॅहम यांच्याप्रमाणेच, एकच होता.

ग्रॅहम यांचे घराणे उत्तर कॅरोलायनातील, आणि ते शिक्षकाचे घर. वडील अलेक्झांडर ग्रॅहम हे शार्लट शहराच्या शाळांचे अधीक्षक होते, आणि त्या राज्यात इयत्तावार सार्वजनिक शाळांची पद्धत रुजवणाऱ्या मंडळींत त्यांची गणना होते. मुले नऊ, प्राप्ती बेताची, आणि घरात पुस्तक व प्रेस्बिटेरियन शिस्त यांचा अंमल. या मुलांपैकी आर्चिबाल्ड यांच्या मागचा एक भाऊ फ्रँक पोर्टर ग्रॅहम. आणि हे नाव ऐकताच आपल्याकडील वयस्क वाचकांच्या कपाळावर एखादी आठी चढली तर मला नवल वाटणार नाही. १९५१ साली सर ओवेन डिक्सन यांच्या जागी संयुक्त राष्ट्रसंघाने काश्मीरच्या प्रश्नात भारत आणि पाकिस्तान यांच्या दरम्यान मध्यस्थी करण्यास पाठवलेले ते डॉ. ग्रॅहम हेच. युद्धबंदी रेषेच्या अलीकडे किती सैन्य ठेवावे आणि पलीकडे किती, भारताकडे बारा ते अठरा हजार आणि पाकिस्तानकडे तीन ते सहा हजार हे प्रमाण दोघांनाही मान्य होईल किंवा कसे, या आकड्यांच्या घोळात त्यांनी अहवालामागून अहवाल सादर केले आणि प्रत्येक अहवालाच्या शेवटी ते जवळजवळ निघाल्या ठिकाणीच उभे असत. त्यापूर्वी ते उत्तर कॅरोलायना विद्यापीठाचे जवळजवळ दोन दशके अध्यक्ष होते आणि अल्पकाळ अमेरिकेच्या सीनेटचे सभासदही होते. १९५० सालच्या निवडणुकीत गोऱ्यांच्या वर्णद्वेषास हात घालणाऱ्या अत्यंत गलिच्छ प्रचारामुळे त्यांची ती जागा गेली. भारतीय वृत्तपत्रांनी या मध्यस्थावर तेव्हा पुष्कळ शाई खर्च केली. त्यांचा एक थोरला भाऊ त्याच सुमारास अमेरिकेच्या पार उत्तरेच्या एका खाणगावात शाळेच्या पोरांचे दंड धरून रक्तदाब मोजत बसलेला आहे, हे त्या लिहिणाऱ्यांना माहीत असण्याचे कारण नव्हते. माझे स्वतःचे मत विचारल्यास, दोघा भावांपैकी ज्याच्या मोजमापांचा मानवजातीस उपयोग झाला तो थोरला होय. पण हा अभिप्राय एका काश्मीरवाद वाचून कंटाळलेल्या माणसाचा आहे असे समजून वाचकांनी तो हवा तर सोडून द्यावा.

चित्रपटाने ग्रॅहम यांच्याविषयी एक समजूत पक्की करून टाकली आहे आणि ती चुकीची आहे. त्यात वृद्ध डॉक्टर असे सांगतो की तो एक सामना हंगामाच्या अगदी शेवटच्या दिवशी झाला, पुन्हा दुय्यम संघांत जाऊन धडपडण्याची कल्पना आपल्याला सहन झाली नाही, म्हणून आपण खेळ सोडला आणि वैद्यकीकडे वळलो. शिवाय साल १९२२ असे सांगितले आहे. वास्तविक १९०५ चा तो सामना जूनच्या अखेरीस, हंगाम ऐन भरात असताना झाला. ग्रॅहम त्याच साली बाल्टिमोर येथील मेरिलँड विद्यापीठातून वैद्यकीची पदवी घेऊन संघात दाखल झालेले होते, म्हणजे दुसरी वाट त्यांच्यापुढे आधीपासूनच मोकळी होती. ती मोकळी असूनही ते दुय्यम संघांत परत गेले, पेनसिल्व्हेनियातील स्क्रँटनच्या संघाकडून १९०८ पर्यंत खेळत राहिले, आणि १९०६ च्या हंगामात त्यांनी .३३६ अशी फलंदाजीची सरासरी राखली, जी कोणत्याही काळात, कोणत्याही दर्जाच्या मैदानावर उत्तमच मानावी लागेल. स्क्रँटन हे कोळशाच्या खाणींचे शहर. तेथील प्रेक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतले होते. म्हणजे हा मनुष्य खेळाला विटून किंवा रुसून निघून गेला नाही. डॉक्टरकीची सनद खिशात असताना त्याने आणखी तीन वर्षे, पुरेपूर, आवडीने खेळून घेतले आणि मग वय झाल्यावर, जसे बहुतेक शहाणे खेळाडू थांबतात तसा तो थांबला. कादंबरीकारास शोकांतिका हवी असते आणि तशी ती घडवण्याचा त्यास अधिकारही आहे. चरित्रकारास तो नाही. प्रस्तुत चरित्रात स्क्रँटनच्या वर्षांना त्यांची हक्काची जागा दिलेली पाहून मला समाधान वाटले.

१९०९ साली ग्रॅहम मिनेसोटा राज्यातील चिझम या गावी आले. हे गाव मेसाबी नावाच्या लोहखनिजाच्या पट्ट्यावर वसलेले आहे. तेथील धातुक जमिनीच्या पोटात खोल नसून वरच्या मातीखाली लगेच लागते, त्यामुळे बोगदे न खणता वाफेच्या फावड्यांनी डोंगरच्या डोंगर उकरून, आगगाडीने सुपीरियर सरोवराच्या काठी आणून आणि तेथून जहाजांनी दक्षिणेकडील पोलादाच्या भट्ट्यांपर्यंत पोचवावयाचे अशी तिकडची रीत होती, आणि अमेरिकेने दोन महायुद्धांत जे पोलाद ओतले त्याचा मोठा वाटा या एका पट्ट्याने पुरवला. मजूर आले ते फिनलंडातून, स्लोव्हेनिया-क्रोएशियातून, सर्बियातून, इटलीतून. गावाच्या एका रस्त्यावर इतक्या भाषा ऐकू येत की कंपनीच्या मुकादमालाही चार भाषांत शिव्या येणे भाग पडे. ५ सप्टेंबर १९०८ रोजी रानातून आलेल्या वणव्याने हे लाकडी घरांचे गाव जवळजवळ समूळ जाळून टाकले होते, आणि ग्रॅहम उतरले तेव्हा राखेवर विटांचे नवे गाव उभे राहत होते. हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली तीस-तीस अंश जावा, उन्हाळ्यात डासांनी फोडून काढावे, बारमाही खाणीची लाल धूळ अंगावर बसावी, अशा या ठिकाणी दक्षिणेच्या उबदार प्रदेशात वाढलेला एक सुखवस्तू रीतीभातीचा मनुष्य खाणकामगारांच्या इस्पितळात डॉक्टर म्हणून रुजू झाला. आणि १९६५ साली, २५ ऑगस्ट रोजी, तो वारला तेव्हाही याच गावात होता.

येथे वाचकाने एका रूक्ष गोष्टीकडे लक्ष द्यावे, कारण ग्रॅहम यांचे पुढील सारे कार्य तिच्यावर उभे आहे. मेसाबीवरील गावांना खाण कंपन्यांच्या मालमत्तेवर कर बसवण्याचा अधिकार होता, आणि जमिनीतले लोखंड उचलून पळून जाता येत नसल्यामुळे कंपन्यांना तो भरणे प्राप्त होते. मजुरांनी निवडून दिलेल्या शाळामंडळांनी या पैशाचा विनियोग असा केला, की शेजारच्या हिबिंग गावी तर १९२० नंतरच्या काळात जवळजवळ चाळीस लाख डॉलर खर्चून राजवाड्यासारखी माध्यमिक शाळा बांधली गेली, आणि ज्या आईबापांना इंग्रजी अक्षर लिहिता येत नव्हते त्यांच्या मुलांना पोहण्याचा तलाव, नाट्यगृह, दंतवैद्य आणि शाळेचा कायमचा डॉक्टर मिळाला. शाळेतील मुलांची डॉक्टरकडून तपासणी ही कल्पनाच अमेरिकेत १८९४ पासूनची, बॉस्टनने सुरू केलेली. आणि तीही प्रामुख्याने घटसर्पाचा किंवा गोवराचा रोगी वर्गात बसू नये एवढ्यापुरती. मेसाबीवर ती कायमची नोकरी झाली. ग्रॅहम यांनी ती चिझमच्या शाळांत चार दशकांहून अधिक काळ केली. ज्यांचे दात आणि टॉन्सिल त्यांनी तपासले त्यांची मुले, आणि त्या मुलांचीही मुले, त्यांच्यापुढे जीभ बाहेर काढून उभी राहिली.

त्यांच्या कामाचा एक भाग चष्म्यांचा. खाणकामगाराच्या घरी मुलाला फळ्यावरचे दिसत नाही ही बातमी पोचण्यास वर्षे लागत, कारण मुलालाच ते ठाऊक नसे. जग असेच धूसर असते अशी त्याची प्रामाणिक समजूत असे, आणि मास्तर त्याला ढ म्हणून मागच्या बाकावर, म्हणजे फळ्यापासून आणखी दूर, बसवीत. ग्रॅहम चष्मे स्वतः मागवून घेत, शनिवारी पोरांना बोलावून एकामागून एक नाकावर चढवून पाहत, आणि ज्या चष्म्याने भिंतीवरील अक्षरांची खालची ओळ घडघडा वाचता येई तो चष्मा त्या मुलाचा होई. पैशाची बोलणी नसत. त्यांच्या मृत्यूनंतर चिझमच्या वृत्तपत्राच्या संपादिका वेदा पोनिकवार यांनी जो मृत्युलेख लिहिला, त्यात या चष्म्यांचा, गरीब मुलांना पोचवल्या जाणाऱ्या दुधाचा, आणि कोणाच्या खिशात गुपचूप सरकवलेल्या खेळाच्या तिकिटाचा उल्लेख आहे. तो मृत्युलेख लहान आहे, आणि चित्रपटाने त्याचा आधार घेतला हे चित्रपटाचे भाग्य.

परंतु ज्या कामामुळे ग्रॅहम यांचे नाव वैद्यकीय वाङ्मयात राहील ते रक्तदाबाचे. रक्तदाब मोजण्याची पट्टा आणि पाऱ्याची युक्ती इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ साली काढली, आणि पट्ट्याखाली नाडीवर नळी लावून ध्वनी ऐकण्याची जी पद्धत पुढे जगभर रूढ झाली ती निकोलाय कोरोत्कोव्ह या रशियन लष्करी शल्यवैद्याने सेंट पीटर्सबर्ग येथे मांडली ती १९०५ साली, म्हणजे ग्रॅहम ब्रुकलिनच्या मैदानावर दांडू धरून उभे राहिले त्याच वर्षी. तीस वर्षांत ही मोजणी प्रौढांच्या बाबतीत सर्वत्र सरावाची झाली. मुलांचे मात्र कोणी फारसे मोजत नसे. मुलास रक्तदाबाचा विकार कशाला होईल, असा एक समज. आणि दुसरे असे, की मोजण्याचे काम अतिशय चिकाटीचे. प्रौढाच्या दंडाचा पट्टा सहा वर्षांच्या पोराच्या दंडास अर्ध्याहून अधिक झाकतो आणि आकडा चुकवतो. अरुंद पट्टा घ्यावा तर दुसऱ्या बाजूने चुकवतो. पोर धावत आले असेल तर आकडा वर; डॉक्टरला पाहून घाबरले असेल तर आणखी वर; म्हणून त्याला बसवायचे, गप्पा मारायच्या, पट्ट्यातील हवा दोनदा-तीनदा उगाच भरून सोडून दाखवायची, आणि मग श्वास शांत झाला की मोजायचे. एक मूल असे मोजून काही सिद्ध होत नाही. सामान्य निरोगी मुलाचा रक्तदाब पाचव्या वर्षी किती, दहाव्या वर्षी किती, सोळाव्या वर्षी किती, हे ठरवण्यास हजारोंनी मुले लागतात, आणि तीही शक्य तर वर्षानुवर्षे तीच.

चिझमला येऊन राहिलेल्या शिक्षकाच्या या मुलाकडे नेमके तेच होते. गाव लहान, लोक आपल्या रोजगाराला बांधलेले, मुले पहिलीपासून शेवटच्या इयत्तेपर्यंत त्याच शाळांत, आणि डॉक्टर एकच. एखाद्या मोठ्या शहराच्या नामांकित इस्पितळास अशी सोय असूनही तिचा उपयोग सुचला नसता, कारण तिथे येतात ती आजारी मुले, निरोगी मुलाचे दप्तर ठेवावे असे तिथे कोणालाच वाटत नाही. ग्रॅहम यांनी ही मोजमापे दहा वर्षांहून अधिक काळ जमा केली, रॉचेस्टर येथील मेयो क्लिनिकमधील हाइन्स आणि गेज यांच्या साहाय्याने त्यांचे गणित मांडले, आणि १९४५ साली पाच ते सोळा वर्षे वयाच्या मुलांच्या रक्तदाबाविषयीचा त्यांचा लेख बालरोगांच्या अमेरिकन मासिकात प्रसिद्ध झाला. लेखकांत पहिले नाव त्यांचे आहे. त्यापुढील कित्येक वर्षे, मुलांचा रक्तदाब हा विषय ज्याने हाती घेतला त्याला या आकड्यांपाशी यावे लागले. मूळ लेख मी वाचला तेव्हा मला जाणवली ती त्यातील बोलण्याची काटकसर. कारकिर्दीत उरलेल्या सर्व संध्याकाळी ज्याच्यात घातल्या त्या कामाविषयी लिहिताना या माणसाने एकही विशेषण खर्च केलेले नाही, आणि आपण कोणत्या गावात, कोणत्या हवेत, कोणत्या लोकांत बसून हे केले याची फुशारकीही नाही.

घरगुती आयुष्याविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे, आणि चरित्रकाराने ते थोडक्यातच सांगितले हे बरे केले. पत्नी अलिशिया मॅडन याच गावातील शाळेत शिक्षिका होत्या. मूलबाळ नव्हते. पत्नीला निळा रंग आवडे, म्हणून डॉक्टर दुकानातून निळी टोपी दिसली की घेऊन येत, आणि मागाहून अशा टोप्यांचे खोके निघाले, असे चिझमचे लोक सांगत. ही गोष्ट कादंबरीत व चित्रपटात गेली आणि तेथून जगभर. उन्हात, पावसात, हिमवर्षावात हातात छत्री घेऊन चालत फिरणारा उंच, काळ्या कोटातील म्हातारा ही गावाच्या आठवणीतील त्यांची मूर्ती.

चित्रपटावर मी वर थोडी टीका केली. त्याच्या एका दृश्याचे श्रेय मात्र मला नाकारता येत नाही. त्यात तरुण झालेल्या ग्रॅहमला अखेर फलंदाजीची पाळी मिळते, आणि खेळ चालू असताना एका लहान मुलीच्या घशात घास अडकतो. मैदानाची रेघ ओलांडली की तो पुन्हा म्हातारा डॉक्टर होणार, परत तरुण होऊन खेळणे नाही, हे त्याला कळत असते. तो रेघ ओलांडतो. कल्पित असूनही हे दृश्य खऱ्या ग्रॅहम यांच्याविषयी काही खरे सांगते. परंतु त्यातील त्यागाची छटा मला पटत नाही. खऱ्या आयुष्यात असा एक क्षण, जिथे एका बाजूला खेळ आणि दुसऱ्या बाजूला रोगी असावा, आलेलाच नाही. त्यांनी आधी खेळून घेतले, मग उरलेले सारे आयुष्य मुलांना दिले, आणि दोहोंत कुठेही गाठ बसली नाही. चित्रपटात त्यांच्या मृत्यूचे साल १९७२ दिले आहे. ते चूक आहे, पण योगायोगाने त्या साली फेब्रुवारीत फ्रँक ग्रॅहम वारले, आणि काश्मीरचा प्रश्न तेव्हाही होता तिथेच होता.

चिझमच्या शाळेतून पुढे शिकावयास जाणाऱ्या मुलांना आज ग्रॅहम यांच्या नावाची शिष्यवृत्ती मिळते, आणि २९ जून २००५ रोजी, त्या सामन्यास शंभर वर्षे झाली तेव्हा, मिनेसोटाच्या मुख्य संघाने तो दिवस त्यांच्या नावे साजरा केला. म्हणजे तारीख खेळाची राहिली, आणि पैसा शाळेत गेला. ग्रॅहम यांना ही विभागणी नापसंत झाली असती असे वाटत नाही.

चरित्र वाचताना वाचक ज्या पानाकडे प्रथम वळतील ते १९०५ चे, हे चरित्रकारही जाणतात. त्यांना तसे वळू द्यावे. माझी विनंती एवढीच, की ते पान वाचून पुस्तक मिटू नये, आणि ज्यांना शक्य असेल त्यांनी, विशेषतः शाळांची तपासणी करणाऱ्या आपल्या सरकारी डॉक्टरांनी, बालरोगांच्या त्या मासिकाचा १९४५ चा खंड ग्रंथालयातून काढून घ्यावा. लेख २०३ व्या पानापासून २०७ व्या पानापर्यंत, पाच पानांचा आहे.